दिवस अंधारात, रात्र उजेडात

वाचकाचं पत्र

मी 34 वर्षांची, जुळे सोलापूरला राहते. टॉवेल आणि चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर करून कारखान्यांना देते, काम घरूनच. आमचं रो-हाऊस आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, त्यामुळे मधल्या खोलीला खिडकीच नाही आणि माझं टेबल तिथंच. उन्हाळा लागला की पुढच्या खोलीचे पडदेही दिवसभर बंद. सकाळी आठला उठते, पण अकरापर्यंत डोकं चालत नाही. दुपारी दोन ते चार डुलक्या येतात. रात्री नऊनंतर मात्र एकदम तरतरी येते, मग बारा-एकपर्यंत काम करते आणि दीडला झोपते. गेल्या महिन्यात रिपीट (नक्षी जिथून पुन्हा सुरू होते ते माप) मोजताना दोनदा चुकले, एकदा रंग जुळला नाही म्हणून काम परत आलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 सगळं तपासलं, ठीक आहे. सासूबाई म्हणतात, पहाटे चारला ऊठ, सगळं सुरळीत होईल. महिनाभर करून पाहिलं, उलट जास्तच बिघडलं. त्यात आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, कधी रात्री दोनलाही. मिस्टर दुकान बंद करून दहाला घरी येतात. लाइट थेरपीचा दिवा ऑनलाइन मिळतो, तो घेऊ का? की मी मुळातच रात्रीचं माणूस आहे?

सल्ला

ताई, दिवा घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. ते 10,000 लक्सचे (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवे मुळात उत्तरेकडच्या थंड देशांसाठी निघाले, जिथे हिवाळ्यात लोक काळोखातच कामाला जातात आणि काळोखातच परततात. सोलापुरात तो उजेड तुमच्या गच्चीवर रोज फुकट येतो. अडचण एवढीच की तुमच्या दिनक्रमात तो तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

आळस हा शब्द आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्या खुणा (सकाळी जडपणा, दुपारी डुलकी, रात्री तरतरी) एकाच कारणाकडे बोट दाखवतात. शरीराचं घड्याळ मागं सरकलंय, कारण तुमचा दिवस फार अंधारा आणि रात्र फार उजळ आहे.

दोन्ही डोळ्यांतून निघालेल्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर साधारण 20,000 पेशींचा एक ठिपका आहे. झोप, शरीराचं तापमान आणि सावधपणा यांच्या वेळा तो ठरवतो. हे घड्याळ नेमकं 24 तासांचं नसतं. बहुतेकांचं ते 24 तासांहून दहा-बारा मिनिटं जास्त चालतं, म्हणून रोज कोणीतरी त्याचे काटे थोडे पुढं लावावे लागतात. ते काम मुख्यतः सकाळच्या उजेडाचं. डोळ्याच्या पडद्यावर यासाठी वेगळ्या पेशी आहेत. त्यांचं काम चित्र दाखवण्यापेक्षा उजेड किती आहे हे कळवण्याचं, आणि निळसर उजेडाला (480 नॅनोमीटरच्या आसपास) त्या सर्वांत जास्त दाद देतात. पेशींच्या आत हे घड्याळ चालतं कसं, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 साली नोबेल मिळालं. सांगायचं कारण हे की तुमच्या तक्रारीमागे पक्कं शरीरशास्त्र आहे. घरात कोणी 'मनाचे खेळ' म्हणालं, तर हे सांगा.

आता सासूबाईंच्या सल्ल्याचं. लवकर उठणं चांगलं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण तुमच्या आजच्या स्थितीत पहाटे चारचा उजेड उलटा लागतो, आणि का ते त्यांनाही समजावून सांगण्यासारखं आहे. झोपेत शरीराचं तापमान उतरत जातं आणि आपण नेहमी उठतो त्याच्या दोन-तीन तास आधी तळाला पोचतं. तुम्ही दीडला झोपून आठला उठता, म्हणजे तुमचा तळ साडेपाचच्या आसपास येतो. या तळानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढं आणतो, आधी पडलेला मागं ढकलतो. चारला उठून तुम्ही स्वयंपाकघरातली ट्यूब लावलीत, तेव्हा शरीराच्या हिशेबात अजून रात्रच चालू होती, आणि त्या उजेडानं ती आणखी लांबली. शिवाय झोप झाली जेमतेम अडीच तास. महिनाभर केलंत म्हणजे जिद्द मोठी आहे. फक्त तुमच्या घड्याळासाठी ती वेळ चुकीची होती. रोज नऊला झोपणाऱ्या माणसाचा तळ दोन-तीन तास आधीच उलटलेला असतो, म्हणून त्याला चारचं उठणं मानवतं.

तेव्हा उठायची वेळ टप्प्याटप्प्यानं अलीकडे आणा. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. आठवरून साडेसहावर यायला सहा टप्पे, म्हणजे अठरा दिवस. झोपायची वेळ मुद्दाम ओढू नका. साडेदहाला जाऊन पडलात आणि झोप आली नाही की कूस बदलत राहण्याची सवय लागते, आणि ती सवय मोडणं फार अवघड. उठायची वेळ पक्की धरली की झोप आपोआप अलीकडे येते, साधारण आठवडाभर मागं राहून. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हाला आधीपेक्षा जास्त थकल्यासारखं वाटेल. इथंच बहुतेकजण सोडून देतात. तो थकवा म्हणजे उठायची वेळ सरकली पण झोपेची अजून सरकली नाही, एवढाच अर्थ. त्या दोन-तीन दिवसांत दुपारी लांब झोपू नका आणि गाडीवर लांब जायचं काम ठेवू नका.

उठल्यावर तासाभरात बाहेर या. स्वच्छ आकाश असेल तर तीस मिनिटं, पावसाळी ढग असतील तर पाऊण तास ते तास. गच्चीवर चहा घ्या, तुळशीला पाणी घाला, कोपऱ्यावरून भाजी आणा. काय करता याला महत्त्व नाही, डोक्यावर उघडं आकाश हवं. वेळ असेल तर कंबर तलावाकडे किंवा किल्ल्याच्या बाजूला सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फेरी मारा, पाण्याजवळ आकाशाचा पसारा जास्त मिळतो. सूर्याकडे टक लावून बघू नका, कधीच नाही. पूर्वेकडे तोंड असलं की पुरे. नंबरचा चष्मा चालतो, गॉगल नको. आपल्याकडे स्कूटीवर निघताना स्कार्फ आणि गॉगल दोन्ही चढवायची पद्धत आहे. गडद गॉगल ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड खातो. धुळीसाठी हवाच असेल तर सकाळी पारदर्शक काचेचा वापरा, गडद दुपारसाठी ठेवा.

खिडकीच्या आत बसून हे भागत नाही. काच थोडाच उजेड अडवते, खरा तोटा आकाश अडल्यानं होतो. आकडे पाहिले की पटेल. भर उन्हात लाखभर लक्स असतात. सकाळी आठ-साडेआठला बाहेर सावलीतसुद्धा हजारोंच्या घरात. ढगाळ दिवशीही हजाराच्या वर. आणि घरातल्या एका ट्यूबखाली शंभर-दीडशे. डोळा फसतो, कारण बाहुली आणि पडदा दोन्ही जुळवून घेतात, त्यामुळे दीडशे लक्सची खोली आपल्याला छान उजेडाची वाटते. घड्याळाला मात्र ती संध्याकाळ वाटते.

सोलापूरचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. आपली घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावलेली, आणि सोलापूर 76 अंशांच्या किंचित अलीकडे. त्यामुळे सूर्य इथे घड्याळाच्या सरासरी 26 मिनिटं मागं चालतो, आणि भर माध्यान्ह बाराऐवजी साडेबाराच्या आगेमागे होते. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या थोडा आधी, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सातच्या सुमारास. म्हणून उन्हाळ्यात साडेसहाला उठून लगेच गच्चीवर जा, सात-सव्वासातपर्यंत ऊन सोसवतं. जानेवारीत साडेसहाला बाहेर काळोखच असतो. तेव्हा उठा साडेसहालाच, पण गच्चीवर सव्वासातला.

आता तुमच्या मधल्या खोलीकडे येऊ. खरं दुखणं तिथंच आहे.

आधी मोजा. ॲन्ड्रॉइड फोनवर लक्स मोजायचं कुठलंही साधं ॲप घ्या. फोनचा उजेडाचा सेन्सर बहुधा पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो. बोट ठेवून पाहा, आकडा शून्याकडे गेला की जागा सापडली. मग खुर्चीत नेहमीसारखं बसा, फोन गालाशी धरा आणि सेन्सर तुम्ही जिकडे बघता तिकडे करा. बहुतेकजण फोन टेबलावर आडवा ठेवून छताचा उजेड मोजतात. तो आकडा कामाचा नाही, डोळ्यात काय शिरतं तेच मोजायचं. फोनचे सेन्सर अचूक नसतात, पण एकाच फोननं केलेली तुलना चालते. दहा बाय दहाच्या खोलीत 20 वॉटची एक एलईडी ट्यूब असेल तर टेबलावर दीडशेच्या आतबाहेर आणि डोळ्याशी त्याच्या निम्म्याच्या आसपास दिसेल.

लागतो किती? 2022 साली या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं घड्याळाच्या दृष्टीनं उजेडाचं माप ठरवून दिलं: दिवसा डोळ्याशी किमान 250, झोपेच्या आधीचे तीन तास जास्तीत जास्त 10 आणि झोपेत 1. हे माप साध्या लक्सपेक्षा वेगळं आहे, कारण त्यात निळसर भागाला जास्त वजन दिलंय. तुमच्या ॲपवरच्या आकड्यात ढोबळ रूपांतर असं: पांढरी 6500 केल्विनची ट्यूब असेल तर दिवसा 300 लक्स, पिवळसर 3000 केल्विनची असेल तर 500 च्या वर. म्हणजे तुम्ही दिवसभर गरजेच्या चौथाई उजेडात बसता.

टेबल पुढच्या खोलीत नेता आलं तर बाकीचं निम्मं काम आपोआप होतं. आमचा सगळ्यात जास्त भर याच्यावर आहे. बाकी उपाय त्याच्या मागून. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला, तीन फुटांच्या आत घ्या. स्क्रीनच्या मागं खिडकी आली तर डोळे दिपतात, पाठीमागं आली तर स्क्रीनवर तिचंच प्रतिबिंब पडतं.

राहिला प्रश्न उष्णतेचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पडदे उघडा म्हणणं सोपं, राहणं कठीण, हे मान्य. पण घरात उष्णता येते ती मुख्यतः थेट उन्हानं. आकाशाचा पसरलेला उजेड त्या मानानं थंड असतो. तेव्हा ऊन अडवा आणि आकाश येऊ द्या. आतून लावलेला जाड पडदा दोन्हीत नुकसान करतो: ऊन काचेतून आत आल्यावर अडतं, त्याची उष्णता खोलीतच राहते, आणि उजेडही जातो. त्याऐवजी बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा सोडा, आतून पातळ पांढरा सुती. चिक खिडकीच्या वरच्या दोन तृतीयांश भागापर्यंतच सोडली तर खालून अंगणाचा परावर्तित उजेड येतो.

दिशेप्रमाणे वागणूक बदला. पूर्वेची खिडकी सकाळी अकरापर्यंत झाका, नंतर पूर्ण उघडा. पश्चिमेची एकपर्यंत उघडी, नंतर बंद. उन्हाळ्यात सर्वांत छळते ती हीच. दक्षिणेबद्दल आपल्याकडे उगाच भीती असते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे त्या दिवसांत दीड फुटाचा छज्जा असलेल्या दक्षिण खिडकीतून ऊन आत येतच नाही. ते येतं नोव्हेंबर ते जानेवारीत, जेव्हा हवंसं वाटतं. उत्तरेची खिडकी असेल तर भाग्यच समजा, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचा काय तो त्रास. खिडकीसमोरच्या भिंतीला पांढरा रंग द्या. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकते, गडद निळी किंवा मरून भिंत तो बहुतेक सगळा गिळते.

टेबल हलणारच नसेल, तर मधल्या खोलीत दिवे वाढवा, पण छतावर नको. स्क्रीनच्या मागच्या भिंतीवर, दोन्ही बाजूंना, बसल्यावर डोळ्यांच्या थोड्या वर 20 वॉटच्या दोन ट्यूब उभ्या बसवा. तोंड भिंतीकडे तिरकं, म्हणजे उजेड पांढऱ्या भिंतीवरून परतून तुमच्याकडे येईल. उघडी ट्यूब डोळ्यांसमोर आली तर तासाभरात डोकं दुखतं. लावल्यावर पुन्हा फोननं मोजा. 300 भरलं नाही तर ट्यूब भिंतीपासून थोडी दूर घ्या किंवा तिसरी लावा. दोन ट्यूब आठ तास चालल्या तर रोज 0.32 युनिट, महिन्याला दहाच्या आत. खोक्यावर 'कूल डेलाइट 6500 के' आणि साधारण 2000 ल्युमेन लिहिलेलं पाहून घ्या. स्वस्त ट्यूबमध्ये उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, दिसत नाही पण डोळे थकतात. दुकानातच ट्यूब लावायला सांगून फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून पाहा. पट्टे जोरात फडफडले तर दुसरी मागा. आणि ट्यूबवरची धूळ महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा, अर्थात बटण बंद करून. आपल्या गावच्या धुळीत हे काम छोटं नाही.

तुमचा रंग का परत आला, याचं उत्तरही बहुधा याच खोलीत आहे. दोन धागे एका दिव्याखाली अगदी सारखे दिसतात आणि दुसऱ्याखाली वेगळे, हे रंगाच्या कामातल्या सगळ्यांना माहीत असतं. कारखान्यात त्यासाठीच कलर मॅचिंग कॅबिनेट असते. त्यात डी-65 म्हणजे दिवसाच्या प्रकाशासारखा दिवा आणि टीएल-84 म्हणजे दुकानातल्या ट्यूबसारखा दिवा, दोन्हीखाली नमुना पाहतात. साध्या घरगुती ट्यूबचा सीआरआय (तिच्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) 80 च्या आसपास असतो. त्यात लाल आणि मरून छटा मळकट दिसतात. तुमच्या टेबलाजवळच्या निदान एका ट्यूबचा सीआरआय 90 च्या वर घ्या. आणि रंग पक्का करायचं काम रात्री ठेवूच नका. रात्री घड्याळासाठी पिवळा मंद दिवा हवा आणि रंगासाठी पांढरा प्रखर, या दोन गरजा एकमेकींशी भांडतात. सकाळी साडेअकरा ते दीड ही रंगाची वेळ ठरवा, शक्य तर उत्तरेच्या उजेडात, नमुना हातात घेऊन. तेव्हा आकाशाचा उजेड सर्वांत स्थिर असतो. स्क्रीनचा उजेड असा ठेवा की शेजारी धरलेला कोरा कागद आणि स्क्रीनवरचं पांढरं पान सारखंच उजळ दिसेल.

कामाची मांडणीही यावरून ठरवा. उठल्यानंतर दोन-तीन तासांनी शरीराचं तापमान चढतं आणि बहुतेकांचं डोकं तेव्हा नीट चालतं. साडेनऊ ते साडेअकरा नवं डिझाइन आणि रिपीटची मोजणी करा. चूक जिथे महाग पडते ते काम सगळं इथं. दुपारी दोनच्या सुमाराला येणारी सुस्ती जेवणामुळे येते असं आपण समजतो, पण ती न जेवणाऱ्यालाही येते. घड्याळातच तो एक उतार आहे. भात आणि गोडानं ती वाढते, भाकरी-भाजी आणि शेंगाचटणीच्या जेवणावर जरा हलकी जाते, एवढाच फरक. तिच्याशी झगडू नका. गजर लावून वीस मिनिटं पडा, तीनच्या आत उठा. पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि तासभर डोकं जड राहतं. उरलेल्या वेळात फायली पाठवणं, बिलं, कारखान्यात फोन अशी कामं करा. चहा-कॉफी चारनंतर नको. त्यातल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाचा कप अकरा वाजताही अर्धा शिल्लक असतो.

रात्री नऊची तरतरी ही तुमच्या 'रात्रीचं माणूस' असण्याची खूण आहे का? तेवढ्यावरून नाही. झोपेची वेळ व्हायच्या आधीचे दोन-तीन तास सगळ्यांच्याच शरीरात सावधपणाची एक लाट येते. तुमची झोप दीडला, म्हणून लाट दहा-अकराला. झोप साडेअकरावर आली की तीच लाट आठ-नऊला येईल. काही माणसं उपजतच उशिराची असतात, हे खरं. त्यात आनुवंशिकता असते आणि विशीच्या आसपास हा कल सर्वांत जास्त असतो. पण दिवसभर पुरेसा उजेड मिळाल्याशिवाय कोण कशाचं माणूस हे ठरवता येत नाही. आधी तीन आठवडे हे करा.

रात्रीच्या बाबतीत सगळे फोनला दोष देतात. आमच्या मते मोठा दोषी छतावरची पांढरी ट्यूब आहे. हातभर अंतरावरचा, उजेड कमी केलेला फोन डोळ्यात फार थोडे लक्स टाकतो. हॉलमधल्या दोन ट्यूब शंभरच्या घरात नेतात आणि त्या आपण साडेबारापर्यंत चालू ठेवतो. फोन जागं ठेवतो तो मुख्यतः त्यात जे बघतो त्यानं. तेव्हा नऊनंतर हॉल आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूब बंद, आणि 5 ते 7 वॉटचे 'वॉर्म व्हाइट' (2700 किंवा 3000 के) बल्ब टेबललॅम्पमध्ये, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खालच्या उंचीवर. डोळ्याशी वीस-पंचवीस लक्सच्या वर जाऊ देऊ नका. मिस्टर दहाला आले की या उजेडात जेवण वाढायला काही अडत नाही. तुम्ही मात्र आठ-साडेआठला जेवून घ्या आणि त्यांच्यासोबत ताक घेऊन बसा. दिवसभर भरपूर उजेड मिळालेल्या डोळ्यांवर रात्रीच्या उजेडाचा परिणाम कमी होतो, म्हणून एखाद्या दिवशी लग्नाला किंवा पार्क चौकात जाऊन उशीर झाला तर घाबरू नका.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर रस्त्यावरचा एलईडी दिवा डोळ्यांवर येणार नाही अशी उशी फिरवा, किंवा डोळ्यांवर सुती पट्टी बांधा. साडेपाचला उजाडू लागलं की ती काढून टाका. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ केलीत तर कातडीकडे रक्त येतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते.

रविवार हा या सगळ्याचा शत्रू. आठवडाभर साडेसहाला आणि रविवारी नऊला उठलात, तर सोमवारची सकाळ पुन्हा जडच जाणार. रविवारी फार तर एक तासाची सूट घ्या.

तुम्ही तपासण्या केल्यात ते बरं केलंत. एवढं नीट पाळूनही महिन्याभरात फरक पडला नाही, किंवा झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं होत असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आणि कशातच रस नाही असं असेल, तर डॉक्टरांकडे जा. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, उन्हानं त्रास वाढवणारी औषधं चालू असतील किंवा पूर्वी मन अतिउत्तेजित होण्याचा आजार झाला असेल, तर प्रखर दिव्याचा प्रयोग विचारल्याशिवाय करू नका. मेलाटोनिनच्या (रात्र झाल्याचा इशारा देणारं शरीरातलं संप्रेरक) गोळ्याही स्वतःहून घेऊ नका. चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ चुकीच्या दिशेला जातं.

राहिला पाण्याचा दिवस. तो टाळता येणार नाही, पण त्याचं नुकसान कमी करता येतं. नळाजवळ, टाकीजवळ आणि जिन्यात अर्ध्या ते एक वॉटचे पिवळे नाइट लॅम्प लावून ठेवा. दोनला पाणी आलं की त्याच उजेडात मोटर लावा, पिंप भरा. ट्यूब लावायची नाही आणि फोन उघडायचा नाही, कारण ती वेळ तुमच्या तळाच्या आधीची आहे आणि तेव्हाचा प्रखर उजेड घड्याळ सर्वांत जोरात मागं ढकलतो. टाकी भरेपर्यंत बसायचं असेल तर रेडिओ ऐका. दुसऱ्या दिवशी उठायची वेळ तीच ठेवा, गच्चीवरचा उजेडही तेवढाच घ्या, दुपारची डुलकी वीसची तीस मिनिटं करा. आणि त्या दिवशी रिपीट मोजायला घेऊ नका. ते काम पुढच्या सकाळी साडेनऊला ठेवा आणि कारखान्याला तसं आधीच कळवून टाका.